विंचवाच्या कवचावरचें मेण

विंचू शेणापासून उपजतो ही समजूत भारतांत फार जुनी आहे. ती इतकी सर्वमान्य होती कीं, अचेतनाचा आणि चेतनाचा कार्यकारणसंबंध कसा असूं शकेल या वादांत आद्य शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत तिचाच दाखला दिला आहे. युरोपांतील विद्वानहि या बाबतींत फारसे पुढें नव्हते. सतराव्या शतकांत व्हान हेल्माँट नांवाचा नामांकित रसायनज्ञ होऊन गेला. विटेला खळगा पाडावा, त्यांत तुळशीच्या जातीच्या एका वनस्पतीचा पाला ठेचून भरावा, वर दुसरी वीट झांकावी आणि दोन्ही विटा उन्हांत ठेवाव्या, म्हणजे थोड्या दिवसांनीं आंत विंचू तयार होतात, अशी कृतीच त्यानें लिहून ठेवली आहे.

या कथांना हंसून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांच्या पोटांत एक खरें निरीक्षण आहे. गोवऱ्यांचा ढीग उपसावा, वीट उलटावी, पडक्या भिंतीचा दगड हलवावा, कीं खालीं नांगी वळवून बसलेला विंचू दिसतो. या सर्व जागांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे ओल. बाहेर सारें रान करपलें तरी ढिगाच्या तळाशीं व दगडाच्या पोटाशीं थोडासा दमटपणा टिकून असतो. विंचू तेथें उपजत नाहीं. तो तेथें आसऱ्यास येतो. मात्र भक्ष्य शोधण्यासाठीं त्याला रात्रीं हा आसरा सोडून कोरड्या हवेंत हिंडावें लागतें, आणि विंचवाच्या कित्येक जाती तर अशा वाळवंटांत राहतात कीं जेथें महिनेच्या महिने पावसाचा थेंब पडत नाहीं.

येथेंच खरें कोडें सुरू होतें. प्राणी जितका लहान, तितकें त्याच्या आकारमानाच्या मानानें त्याच्या अंगाचें पृष्ठ अधिक. कणकेचा मोठा गोळा परातींत उघडा राहिला तरी तासाभरानें आंत मऊच असतो. त्याच कणकेची सुपारीएवढी गोळी तितक्या वेळांत सुकते आणि तडकते. या हिशेबानें उन्हाळ्यांतील कोरड्या वाऱ्यांत विंचवानें वाळून कोळ व्हावयास पाहिजे. तो होत नाहीं. सिल्युरियन काळच्या खडकांत विंचवांचे अवशेष सांपडले आहेत, म्हणजे या कुळाचा वंश चाळीस कोटि वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. एवढा काळ यानें आपलें पाणी राखलें तें कशानें?

उत्तर उघड दिसे, आणि उघड दिसणाऱ्या उत्तरांनीं शास्त्राचा जितका काळ खाल्ला आहे तितका कठीण प्रश्नांनींहि खाल्ला नसेल. उत्तर असें कीं, कवचानें. १८२३ सालीं ओदिए या फ्रेंच संशोधकानें भुंगेऱ्याच्या पाठीवरील टणक आवरणांतून एक पदार्थ वेगळा काढला, आणि अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला कायटिन असें नांव दिलें. पुढें शंभर वर्षें अनेकांच्या मनांत अशी साखळी जुळली कीं झुरळ, कोळी, विंचू यांचें चिलखत कायटिनचें, चिलखत टणक, म्हणून पाणी आंत सुरक्षित. वस्तुत: टणक असणें आणि पाणी न पाझरूं देणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. मातीचें मडकें टणकच असतें. तरी तें पाझरतें, आणि पाझरतें म्हणूनच त्यांतलें पाणी गार होतें. बरणींतून पाणी पाझरत नाहीं तें तिच्या झिलईमुळें. शुद्ध कायटिनचा पापुद्राहि मडक्याच्याच जातीचा. त्यांतून पाणी बिनदिक्कत आरपार जातें. तेव्हां कवचाला कांहीं झिलई आहे काय, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. तो बराच काळ कोणी नेटानें विचारला नाहीं.

फ्रान्समधील सेरिन्याँ गांवीं राहणाऱ्या झां आन्री फाब्र यानें विंचवाइतकें लक्ष क्वचितच दुसऱ्या प्राण्याकडे दिलें असेल. त्यानें आपल्या अंगणांत विंचवांची वसाहत वसविली, त्यांचा विवाह, त्यांचें अपत्यपालन आणि महिनोन्महिने चालणारे त्यांचे उपवास यांचें वर्णन या शतकामागच्या शतकाच्या आरंभींच लिहून ठेवलें. पण फाब्रची दृष्टि वर्तनाकडे होती. उपवासी विंचू भुकेनें कां मरत नाहीं याचा त्यानें विचार केला. तहानेनें कां मरत नाहीं हा प्रश्न तसाच राहिला.

त्याची उकल विंचवापासून सुरू झाली नाहीं. ती सुरू झाली स्वयंपाकघरांतील झुरळापासून. १९३५ सालीं केंब्रिज येथील रॅम्से यांनीं झुरळाच्या अंगांतून किती पाण्याची वाफ होते हें निरनिराळ्या उष्णमानांत मोजून पाहिलें. उष्णता वाढली म्हणजे वाफ वाढावी, यांत नवल नाहीं. परंतु ती सारख्या प्रमाणानें वाढेना. सुमारें ३० अंश सेंटिग्रेडपर्यंत ती हळूहळू चढे, आणि त्यापुढें एकाएकीं उसळी घेई, जणूं काय कोठें तरी दार उघडलें आहे. श्वासाबरोबर जाणाऱ्या वाफेनें या उसळीचा उलगडा होण्यासारखा नव्हता. दार त्वचेंतच होतें. रॅम्से यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि तीच अधिक बोलकी आहे. झुरळाच्या अंगावर ठेवलेला पाण्याचा थेंब नेहमींसारखा उडून जाईना. झुरळाच्या अंगावरील स्निग्ध द्रव्य थेंबावर पसरून त्याचा एक अतिशय पातळ पडदा बनत असे, आणि त्या पडद्याखालीं पाणी कोंडून राही. जी झिलई शोधावयाची होती ती अशी स्वत: होऊन थेंबावर चढून आली. साजूक तुपाचा तवंग जसा थंडींत थिजतो आणि उष्णतेनें पातळ होतो, तसेंच कांहींसें या स्निग्ध पडद्याचें होत असावें आणि म्हणूनच ३० अंशांच्या पलीकडे तो पाणी अडवूं शकत नसावा, असा तर्क मग सरळच होता.

यानंतर दुसरें महायुद्ध आलें, आणि या विषयाला प्रयोगशाळेबाहेरचें महत्त्व आलें. युद्धकाळांत धान्याचीं कोठारें किडीपासून वांचविणें हा इंग्लंडांत जीवनमरणाचा प्रश्न होता. विषारी औषध न वापरतां केवळ बारीक, निरुपद्रवी धुळीनें कीड मरते, हें त्यापूर्वीं जर्मनींतील संशोधकांनीं नोंदविलें होतें. १९४४ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील अलेक्झांडर, किचनर व ब्रिस्को यांनीं अशा धुळींची पद्धतशीर परीक्षा केली. धूळ जितकी कठीण व बारीक, तितकी ती परिणामकारक. आणि किडा मरतो तो विषानें नव्हे, तर अंगांतलें पाणी जाऊन.

ऐकणारास येथें घरची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. महाराष्ट्रांतील घरोघरच्या बायका कडधान्याला राख चोळून तें मडक्यांत किंवा कणगींत भरून ठेवीत आल्या आहेत. वाल, मूग, चवळी असें वर्षाचें बियाणें राखेंत राहिलें तर त्याला भुंगा लागत नाहीं, हें ज्ञान कोणत्याहि प्रयोगशाळेहून वडील आहे. राख कां लावावयाची, याचें कारण त्यांना कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर "राखेंत किडा टिकत नाहीं" एवढेंच उत्तर मिळालें असतें. तें उत्तर अपुरें होतें, पण चुकीचें नव्हतें. पुढें १९५९ सालीं म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेंतील मजुमदार, नरसिंहन् आणि सुब्रह्मण्यन् यांनीं विशेष रीतीनें तयार केलेली माती व कोळशाची पूड यांचा किडींवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला, तेव्हां हा घरगुती उपाय एका अर्थानें शास्त्राच्या पंक्तीला बसला.

धूळ पाणी कसें काढते, याचें उत्तर व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनीं १९४५ सालीं दिलें. हे गृहस्थ मूळचे वैद्यकाचे पदवीधर. परंतु त्यांचें सारें आयुष्य ऱ्होड्नियस नांवाच्या, दक्षिण अमेरिकेंतील एका रक्त पिणाऱ्या ढेकणाच्या सहवासांत गेलें असें म्हटलें तरी चालेल. एका क्षुद्र कीटकाकडे असें चाळीस-पन्नास वर्षें टक लावून पाहणें हें वेडगळपणाचें वाटेल. पण कीटकांच्या शरीरविज्ञानांतील निम्में पायाभूत ज्ञान त्या वेडांतून आलें आहे. विगल्सवर्थ यांनीं या ढेकणाचें अंग ॲल्युमिनाच्या कठीण पुडीनें घांसलें आणि तो कोरड्या हवेंत ठेवला. त्याचें पाणी झपाट्यानें निघून गेलें. नुसती अंगावर पडून राहिलेली पूड फारसें कांहीं करीत नसे. किडा चालूं लागला, सांधे हलले, पोट जमिनीवर घासलें, म्हणजे मग अपाय होई. घांसलेला कीटक रुप्याच्या एका द्रावणांत बुडविला असतां, जेथें जेथें ओरखडा पडला होता तेथें तेथें तपकिरी रेघ उमटे. आणि जेथें ओरखडा नाहीं तेथें कांहींच नाहीं. म्हणजे कवचाच्या अगदीं वर मेणाचा एक थर होता, आणि तो मायक्रॉनहूनहि, अर्थात् मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि, पातळ होता. सारी जलरक्षा एवढ्यावर चाललेली! जाड कवच शाबूत, आणि केसाच्या शतांशाएवढा थर ओरखडला कीं प्राणी मरणपंथास लागला.

त्याच निबंधांत दोन गोष्टी अशा आहेत कीं पुढें विंचवाच्या संशोधनाला जो मार्ग मिळाला तो त्यांतूनच. पहिली जमिनींत राहणाऱ्या किड्यांची. हे किडे मातींतून काढून कोरड्या हवेंत ठेवले तर लवकर वाळून मरतात. म्हणून त्यांना मेण नसतेंच, असें कोणास वाटेल. पण त्यांना मातीचा स्पर्श न होऊं देतां कात टाकूं दिली, तर तेच किडे पाणी उत्तम राखतात. मेण त्यांनाहि असतें. मातीचे कण तें रात्रंदिवस खरडीत असतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. घांसलेला जिवंत कीटक दमट हवेंत ठेवला, म्हणजे वाळून मरण्याची घाई त्याच्यामागें राहिली नाहीं, तर कांहीं काळानें ओरखड्यांवर नवें मेण येतें आणि त्याचें अंग पूर्ववत् पाणी अडवूं लागतें. मेलेल्या कीटकाच्या बाबतींत असें होत नाहीं. मेण म्हणजे जन्मत: एकदां चढविलेला वार्निश नव्हे, तें खालची जिवंत त्वचा कवचांतील सूक्ष्म नलिकांच्या वाटे वर पोंचवीत असते. टणक, निर्जीव मानलेलें कवच हें अशा रीतीनें एका चालू कारखान्याचें छप्पर ठरलें. १९४७ सालीं विगल्सवर्थ यांनीं याच ढेकणाच्या कवचाच्या सर्वांत वरच्या पापुद्र्यांत एकावर एक असे चार थर दाखविले. त्यांतील मेणाचा थर कात पडण्याच्या सुमारास तयार होतो, आणि त्यावर सिमेंटसारखें एक संरक्षक पूट कात टाकल्यानंतर लवकरच चढतें.

त्यांचे सहकारी बीमेंट यांनीं निरनिराळ्या कीटकांचीं मेणें धुऊन काढलीं व तीं पातळ पडद्यांवर बसवून पाहिलीं, तों त्या पडद्यांनाहि मूळ कीटकासारखाच गुण आला. मेणाचे रेणु कवचावर एकाच ओळींत, गवताच्या पात्यांसारखे एका बाजूला कलून दाटीनें उभे असतात आणि विशिष्ट उष्णमानाला ही ओळ मोडते, अशी कल्पना बीमेंट यांनीं पुढें मांडली. ती मोठी रेखीव होती, आणि कदाचित् रेखीवपणामुळेंच ती जरूरीपेक्षां अधिक काळ टिकली. पुढच्या संशोधकांनीं पाहिलें तों असें एकजिनसी मेण नसतेंच. अनेक जातींच्या स्निग्ध द्रव्यांचें तें मिश्रण असतें, आणि मिश्रणाचा वितळण्याचा बिंदु एक नसून पट्टा असतो.

आतां विंचवाकडे वळावयाचें. वाळवंटी विंचवांचा जलव्यवहार ज्यांनीं आरंभीं अभ्यासिला त्यांत जॉन क्लाउड्स्ली-थॉम्प्सन यांचें नांव घेतलें पाहिजे. महायुद्धांत ते उत्तर आफ्रिकेंत रणगाड्याच्या दळांत लढले; युद्ध संपल्यावर त्याच मुलखांत ते विंचू, कोळी आणि किडे यांचा अभ्यास करण्यासाठीं परत गेले, व पुढें खार्टूम येथें प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. वाळवंटांतील विंचवाच्या अंगांतून फारच थोडें पाणी जातें, हें त्यांच्या व समकालीनांच्या मोजमापांनीं ठरलें. पण मोजमापाला विंचू पुष्कळ लागतात, आणि विंचू पुष्कळ मिळणें ही सोपी गोष्ट नव्हे. दगड उलटून, बिळें उकरून, दिवसाकाठीं कितीसे मिळणार?

येथें एक योगायोग उपयोगी पडला. अतिनील किरणांचा दिवा विंचवावर पाडला तर तो अंधारांत हिरव्या-निळ्या तेजानें चमकतो, हें १९५४ च्या सुमारास युरोपांत व दक्षिण आफ्रिकेंत प्रसिद्ध झालें. रात्रीं असा दिवा घेऊन वाळवंटांत गेलें, म्हणजे जेथें पूर्वीं एकहि विंचू दिसत नसे तेथें सारी जमीन चांदण्या पडल्यासारखी दिसूं लागली. १९६८ सालीं नील हॅड्ली व स्टॅन्ली विल्यम्स यांनीं उत्तर अमेरिकेंतील विंचवांच्या रात्रींच्या हालचालींवर लिहिलेला निबंध याच दिव्याचें फळ होय. चमक आणि मेण यांची मात्र गल्लत करूं नये. चमकणारीं द्रव्यें कवचाच्या बाहेरच्या कठीण थरांत असतात, आणि त्यांतील पहिलें ओळखलें गेलें तें १९९९ सालीं. दिव्यानें विंचू हातीं दिला; मेणाचा शोध नंतरचा.

हा शोध मुख्यत: ॲरिझोनांतील टेंपी येथील विद्यापीठांत, हॅड्ली यांच्या हातून झाला. १९७० सालीं त्यांनीं हॅड्रूरस या मोठ्या, केसाळ, पांच इंचांपर्यंत वाढणाऱ्या वाळवंटी विंचवाचा जलव्यवहार प्रसिद्ध केला. जमिनीवरील प्राण्यांत ज्यांची त्वचा अगदीं कमी पाझरते अशांत या विंचवाची गणना होते. त्याची बाकीची राहणीहि काटकसरीची आहे. तो दिवसा खोल बिळांत राहतो, पाणी बहुतेक भक्ष्याच्या अंगांतून मिळवितो, आणि विंचू आपलें उत्सर्जनहि ग्वानिन नांवाच्या, जवळजवळ कोरड्या द्रव्याच्या रूपानें करतात. परंतु या सर्व काटकसरीला अर्थ आहे तो मेणामुळें. क्लोरोफॉर्मसारख्या द्रावणानें कवचावरचें स्निग्ध द्रव्य धुऊन काढलें, कीं पाणी भराभर बाहेर पडूं लागतें. बिळाची खोली मग कामास येत नाहीं.

१९७७ सालीं हॅड्ली आणि रसायनज्ञ जॅक्सन यांनीं पॅरुरोक्टोनस या वाळूंत राहणाऱ्या विंचवाच्या मेणाचें पृथक्करण केलें. त्यांत लांब साखळीचे हायड्रोकार्बन निघाले, म्हणजे खनिज मेणांत असतात त्या जातीचीं, केवळ कार्बन व हायड्रोजन यांचीं द्रव्यें. शिवाय मेदाम्लें, अल्कोहलें आणि कोलेस्टेरॉल. याच वर्षीं टूल्सन व हॅड्ली यांनीं ॲरिझोनांतील दोन विंचू शेजारीं ठेवून तपासले. एक वाळवंटांतील हॅड्रूरस, दुसरा डोंगरावरील ओलसर रानांत राहणारा. वाळवंटी विंचवाचें कवच कमी पाझरतें, आणि त्याच्या मेणांतील साखळ्याहि अधिक लांब. साखळी जितकी लांब तितकी ती उष्णतेला कमी दाद देते. तेव्हां हा फरक अपेक्षितच होता. परंतु १९७९ सालीं त्या दोघांनीं जें दाखविलें तें तितकें अपेक्षित नव्हतें. ॲरिझोनांत झाडांच्या सालींत राहणारा, विषारी म्हणून कुप्रसिद्ध असलेला सेंट्रूरॉइडिस नांवाचा विंचू आहे. त्याच जातीचे विंचू उन्हाळ्यांत पकडले तर त्यांचें कवच कमी पाझरतें, हिवाळ्यांत पकडले तर अधिक. आणि त्याबरोबर मेणाचें रासायनिक घटकहि बदललेले असतात. ऋतूप्रमाणें मनुष्य घोंगडी आणि उपरणें बदलतो. विंचू कवच तेंच ठेवून वरचें मेण बदलतो. विगल्सवर्थ यांच्या ढेकणानें मेण पुन्हां भरून काढलें होतें. येथें तर तें हवामान पाहून निराळें बनविलें जात होतें.

मग तें बनतें कसें? यासाठीं हॅड्ली आणि हॉल यांनीं जी युक्ति योजिली ती त्या काळच्या रसायनशास्त्रांत सर्वत्र चालत असे, पण विंचवावर ती नवीच होती. ॲसिटेट हें अगदीं साधें द्रव्य, व्हिनेगारच्या आम्लाचें रूप. त्यांत कार्बनचे दोनच अणु. त्यांतील एक अणु किरणोत्सर्गी घेतला, म्हणजे तो जेथें जाईल तेथें त्याचा माग काढतां येतो. गाईच्या गळ्यांत घंटा बांधण्यासारखेंच हें आहे. असें खुणेचें ॲसिटेट विंचवाच्या शरीरांत सोडून तें कवचावरच्या स्निग्ध द्रव्यांत कोठें उमटतें तें त्यांनीं पाहिलें, आणि १९८० सालीं तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विंचू आपलें मेण स्वत: घडवितो, दोन-दोन कार्बनांचे तुकडे एकापुढें एक जोडून मेदाम्लाची साखळी वाढवीत नेतो. सांधेपायी प्राण्यांच्या मेणांत या साखळ्या बहुधा वीसपासून चाळीसपर्यंत कार्बनांच्या असतात.

तथापि सर्वच माल घरचा नसतो. १९८२ सालीं हॉल व हॅड्ली यांनीं दाखविलें कीं, अन्नांतून आलेले हायड्रोकार्बनहि विंचवाच्या कवचांत, त्याचप्रमाणें यकृत व स्वादुपिंड या दोहोंचें काम करणाऱ्या त्याच्या मोठ्या पाचक ग्रंथींत जाऊन पोंचतात. विंचू झुरळ खातो, तेव्हां झुरळाच्या अंगावरचें मेणहि त्याच्या पोटांत जातें, आणि त्याचा कांहीं अंश विंचवाच्या पाठीवर येतो! कोलेस्टेरॉलच्या बाबतींत तर सांधेपायी प्राण्यांचा इलाजच नाहीं. तें त्यांना मुळापासून घडवितां येत नाहीं, शिकारींतूनच मिळवावें लागतें. दुसऱ्याचें पाणी आणि दुसऱ्याचें मेण एकाच घांसांत मिळतें, हा वाळवंटांतील व्यवहार थोडा क्रूर असला तरी हिशेबी आहे.

घडलेलें मेण जाड कवचांतून वर कसें येतें, हें सूक्ष्मदर्शकाचें काम. कीटकांच्या बाबतींत १९६१ सालीं मायकेल लॉक यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून कवचांतील नलिका व त्यांतून पृष्ठाकडे जाणारे अतिसूक्ष्म तंतु दाखविले होते. १९७९ सालीं फिल्शी व हॅड्ली यांनीं हॅड्रूरसच्या कवचाची तशीच तपासणी केली. तेथेंहि जिवंत त्वचेपासून निघून, थरांमागून थर भेदीत जाणाऱ्या नलिका दिसल्या, आणि शेवटच्या पापुद्र्यांत त्यांच्याहून बारीक वाटा. विटेच्या भिंतींतून केसाएवढ्या नळ्यांनीं तेल चढवून बाहेरची बाजू माखावी, असा हा प्रकार आहे.

मेदाम्लापासून हायड्रोकार्बन बनण्याची शेवटची पायरी मात्र दीर्घकाळ वादांत राहिली. साखळीच्या टोंकाचा एक कार्बन तोडून टाकावा लागतो. म्हणूनच दोन-दोन जोडून बनलेल्या सम साखळीपासून विषम संख्येचा हायड्रोकार्बन निघतो. कीटकांत हें तोडण्याचें काम करणारें द्रव्य २०१२ सालीं निश्चित ओळखलें गेलें. तें वितंचक सायटोक्रोम वर्गांतील आहे, आणि विशेष हें कीं तें केवळ कीटकवर्गांत आढळतें. विंचवाच्या वंशांत तें नाहीं. झुरळाचें आणि विंचवाचें कूळ एकमेकांपासून पन्नास कोटि वर्षांमागेंच वेगळें झालें. मेण दोघांनींहि पाठीवर घेतलें, पण शेवटचा घाव घालण्याचें हत्यार विंचवाचें निराळें आहे.

एवढ्या खटपटीनें राखलेलें हें कवच विंचवाला वाढीच्या वयांत अनेकदां टाकून द्यावें लागतें. कात टाकून नुकताच बाहेर आलेला विंचू मऊ आणि फिकट असतो. त्याचें नवें कवच टणक होईपर्यंत अतिनील दिव्याखालीं तो चमकतहि नाहीं. शेजारीं पडलेली जुनी, रिकामी कात मात्र दिवा पाडला म्हणजे जिवंत विंचवासारखीच हिरवी-निळी उजळते, आणि रात्रीं विंचू गोळा करण्यास निघालेला नवखा मनुष्य कित्येकदां तीच चिमट्यानें उचलतो.